मुळशीच्या पावसात रशियन पुस्तकं

ज्येष्ठ लागलाय. साल १४६९ धरा. काही अभ्यासक ते दोनेक वर्षं पुढे ओढतात, पण त्याने तुमच्या पायाखालचा चिखल कमी होत नाही. तुम्ही पालीच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी उभे आहात. सुधागड ढगात गेलाय. समोरच्या कड्याच्या माथ्यावर आजचा मुळशी तालुका सुरू होतो; तेलबैला, घनगड, कोरीगड सगळे तिकडेच. आत्ता त्यातलं काही दिसत नाही. कड्यावरून सुटलेल्या धारा दिसतात, आणि पुढ्यात एक गोरा, दाढीवाला माणूस दिसतो. त्याने घोड्याचा लगाम हाताला दोनदा गुंडाळून घेतलाय. माणूस सुकलाय, घोडा मात्र टवटवीत आहे. ह्या जनावरावर त्याचे शंभर रूबल गेलेत, तेव्हा आधी खाणार घोडा आणि उरलं तर मालक.

हा अफनासी निकितीन, व्होल्गाकाठच्या त्वेर गावचा व्यापारी. होर्मुझहून सहा आठवडे गलबतात काढून चौलला उतरला. चौलात तो जाईल तिकडे मागे गर्दी. गोरा माणूस बघायला बाया, पोरं, बाप्ये सगळे. त्यानेही त्यांना तितकंच निरखून पाहिलं. उघडी डोकी, उघडी अंगं, एकच वेणी. राजाच्या डोक्याला एक वस्त्र आणि कमरेला एक. हे सगळं त्याने लिहून ठेवलं. चौलहून पालीला यायला त्याला आठ दिवस लागले. एवढंसं अंतर, आठ दिवस! पण पहिला पाऊस, घोडा आणि अनोळखी मुलूख असं त्रांगडं असलं की तुम्हीही लवकर पोचला नसतात.

आता वर कुठून जायचं? सवाष्णीचा घाट आहे, वाघजाईचा आहे. निकितीनने घाटाचं नाव लिहिलेलं नाही. पाली ते उमरी दहा दिवस, उमरी ते जुन्नर सहा दिवस, एवढाच हिशेब त्याने दिलाय. मी मुळशीकर, म्हणून मी त्याला माझ्या तालुक्यातून चढवतो. एखाद्या खंडाळकराने बोरघाटातून चढवला असता. तुम्ही आज माझे पाहुणे आहात, तेव्हा वाघजाईने चला.

वाटाड्या खांद्यावरची कांबळी झटकतो आणि घोड्याकडे बघून मान हलवतो. “पाव्हणं, वझं उतरवा. घोडं मोकळं चढू द्या. वढाल तर दोघंबी जाल खाली.”

अफनासीला शब्द कळत नाहीत, मतलब कळतो. तो खोगीर उतरवतो, वळकटी स्वतःच्या पाठीवर घेतो. तुमच्या लक्षात येतं की त्या वळकटीत पुस्तक नाही. ती त्याची खरी दुखरी जागा आहे. रशियातून निघताना त्याने धर्मग्रंथ बरोबर घेतले होते. आस्त्राखानजवळ तातारांनी लुटलं तेव्हा मालाबरोबर तेही गेले. तेव्हापासून त्याला सणावारांचा पत्ता नाही. ईस्टर कधी, उपास कधी, काही कळत नाही. पुढे बिदरला तो आकाशातल्या नक्षत्रांवरून अंदाज बांधेल, आणि मुसलमान रोजे धरतात म्हणून त्यांच्याबरोबर आपलाही उपास करून टाकेल. पुस्तकं गेलेल्या ह्या माणसाने वाटेत टिपणं लिहायला घेतली. रशियन भाषेतलं हिंदुस्थानावरचं पहिलं डोळ्यांदेखतचं लिखाण असं तयार झालं.

वर आल्यावर वारा तोंडावर येतो. ह्या पठारावरचा पाऊस तुम्ही ताम्हिणीला गाडीच्या काचेतून पाहिला असेल. अंगावर घेतला म्हणजे काय ते आता कळेल. राज्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांत हा टापू मोडतो. अफनासीला हा उन्हाळा वाटतच नाही. त्याच्या लेखी हा हिवाळा, ट्रिनिटीच्या सणापासून सुरू झालेला. चार महिने, दिवसरात्र, जिकडेतिकडे पाणी आणि चिखल, असं त्याचं गाऱ्हाणं आहे. ह्याच चिखलात लोक नांगरतात, भात पेरतात, हेही त्याला दिसतं आणि नवल वाटतं. घोड्याला इथे वाटाणे चारतात, साखर-तूप घालून खिचडी शिजवून देतात, हेही तो टिपतो. रात्री मुक्कामाच्या जागी बाया परक्या व्यापाऱ्यांना रांधून वाढतात. आपल्याकडे दरबारी बखरी लिहिल्या गेल्या त्यात राजे आले, लढाया आल्या, इनामं आली. पावसात घोड्याला काय घालायचं हे कोण लिहिणार? म्हणून मी ह्या माणसाच्या पुस्तकामागे लागलो.

जुन्नरपर्यंत त्याला सोबत करा, पुढचं बघण्यासारखं आहे. शहर दगडी डोंगरावर, वाट इतकी अरुंद की एकामागे एक चढायचं, दोघांना मावायचं नाही. तिथला खान असदखान. बहमनी वजीर महमूद गावान ह्याच्या हाताखालचा. पागेत उत्तम घोडे, दारात हत्ती, पण स्वारी माणसांच्या खांद्यावरून निघते. घोडेवाला मुसलमान नसून रशियन आहे, असं कळताच खान घोडा जप्त करतो. बाट, म्हणजे घोडा परत आणि वर हजार सोन्याची नाणी. नाहीतर घोडा गेला आणि हजार नाणी तूच दे. मुदत चार दिवस. अफनासी इथे खोजा युसुफ खुरासानी ह्या नावाने वावरतो, तरी आतून तो कोण आहे हे त्या चार दिवसांत त्याला पुरतं कळतं. शेवटी महंमद नावाचा एक खुरासानी मधे पडतो, शब्द टाकतो, घोडा सुटतो. पुढे नाताळात बिदरला तो विकला जातो. नफा? त्याने स्वतःच लिहिलंय की लोकांनी आपल्याला फसवलं, रशियाला न्यावा असा माल इथे फारसा नाही. मिरी आणि रंग स्वस्त, पण जकातीत सगळं जातं.

परतीला दाभोळहून गलबत. घरी पोचला नाही. स्मोलेन्स्क यायच्या आधीच वारला. टिपणांच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेल्या आणि १४७५ मध्ये वासिली मामीरेव नावाच्या दरबारी कारकुनाच्या हाती दिल्या. पुढे त्या इतिवृत्तात घातल्या गेल्या, आणि मग साडेतीनशे वर्षं सगळीकडे सामसूम.

तुम्ही आता १८१७ च्या आसपास आहात. निकोलाय करमझीनला ट्रिनिटी-सेर्गी मठाच्या ग्रंथागारात एका हस्तलिखितात ह्या वह्यांची नक्कल सापडते. तो रशियाच्या इतिहासाचा सहावा खंड लिहितोय. वास्को द गामा १४९८ ला कालिकतला लागण्याच्या कितीतरी आधी त्वेरचा एक व्यापारी हिंदुस्थानात फिरत होता, हे तो मोठ्या अभिमानाने जगाला सांगतो. १८२१ मध्ये स्त्रोयेव मूळ संहिता छापतो. पुढे १८८१ मध्ये संस्कृत-पालीचे पंडित इवान मिनायेव हिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहितात. त्यांनी स्वतः हिंदुस्थान पाहिलेला होता.

संग्राहकाने मात्र १८५७ च्या लंडनमध्ये रेंगाळावं. क्रिमियाचं युद्ध संपून वर्ष झालंय. रशिया अफगाणिस्तानातून खाली उतरेल ह्या धास्तीने इंग्रजांची झोप उडालेली. त्याच वर्षी उत्तर हिंदुस्थान पेटला, आणि त्याच वर्षी हॅक्लुइट सोसायटीने सभासदांसाठी आर. एच. मेजर यांनी संपादलेला पंधराव्या शतकातल्या हिंदुस्थानावरचा खंड काढला. त्यात काउंट व्हिएल्होर्स्की याने केलेलं निकितीनचं इंग्रजी भाषांतर. ही प्रत हाती आली तर आधी एक गोष्ट तपासा. खंडातल्या चार प्रवासवृत्तांतांना स्वतंत्र पृष्ठांक आहेत. मधे कोणी पुन्हा बांधून घेताना एखादा वृत्तांत गळाला, तरी नुसती पानं चाळून ध्यानात येत नाही. चारही आहेत ना ते अनुक्रमाशी ताडून घ्या आणि मग पैशाचं बोला.

खरं सांगायचं तर ह्या खंडासाठी खिसा रिकामा करू नये असं माझं मत आहे. दिल्लीचं पुनर्मुद्रण मजकुराच्या दृष्टीने तेवढंच कामाचं. त्याहून मला १९६० ची मॉस्कोची आवृत्ती प्रिय आहे: जुनी रशियन संहिता आणि जोडीला हिंदी व इंग्रजी भाषांतर. भिलाईच्या पोलादाचे, ‘परदेसी’ सिनेमाचे ते दिवस. १९५७ च्या त्या सिनेमात ओलेग स्त्रिझेनोव्ह निकितीन झाला होता आणि समोर नर्गिस होती. ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन यांचं दिग्दर्शन. खऱ्या अफनासीच्या नशिबात नर्गिस नव्हती, असदखान होता. पुढे १९८५ मध्ये रादुगाने इंग्रजी आवृत्ती काढली. सोव्हिएत पुस्तकं आपल्याकडे स्वस्त मिळायची. लोकवाङ्मय गृहाच्या दुकानांत, प्रदर्शनांत ती घरोघरच्या लोकांनी घेतली. त्यामुळे ती आज रद्दीत येतात, आणि रद्दीत येणाऱ्या पुस्तकाची किंमत बाजाराला कधीच कळत नाही.

इथून कारल्यापर्यंतचा फेरफटका झटपट उरकू. १८७९, उन्हाळा. घुबडासारख्या मोठ्या डोळ्यांची, सतत सिगारेट ओढणारी एक रशियन बाई कारल्याच्या लेण्यांच्या पायऱ्या धापा टाकत चढते आहे. मादाम ब्लाव्हाट्स्की. फेब्रुवारीत मुंबईला उतरल्यापासून इंग्रज पोलीस तिच्या मागावर आहेत, ही रशियाची हेर असा त्यांना वहीम. मॉस्कोच्या वर्तमानपत्रात ती ‘राद्दा-बाई’ ह्या नावाने हिंदुस्थानच्या गुहा-जंगलांची लेखमाला चालवते. गुलाबसिंग नावाचा गूढ ठाकूर, वाघ, मंतरलेल्या रात्री असा सगळा मसाला आहे. वाचायला बहार, पुरावा म्हणून शून्य. निकितीन घोड्याच्या खुराकाचा खर्च लिहितो, बाई चमत्कार लिहितात. कपाटात दोन्ही ठेवा, वेगवेगळ्या फळ्यांवर.

आता पॅरिस. १९०७ संपत आलंय. मुळशीच्या दृष्टीने ह्या शतकातली सर्वांत महत्त्वाची रशियन पुस्तिका इथे हात बदलते आहे.

तुमच्या समोरचा तरुण पारनेरचा. पांडुरंग महादेव बापट, जन्म १८८०. डेक्कन कॉलेजातून मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर १९०४ मध्ये एडिनबरोला यंत्रशास्त्र शिकायला आला. हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्यावर खडखडीत भाषण केलं आणि शिष्यवृत्ती घालवून बसला. बंगालचे हेमचंद्र दास त्याच्या जोडीला आहेत. झारशाहीला कंटाळून पॅरिसला आलेल्या रशियन क्रांतिकारकांकडून ही मंडळी बाँबविद्येची रशियन पुस्तिका मिळवतात. एका रशियन विद्यार्थिनीने तिचं इंग्रजी करून दिलं, असं बापटांचे चरित्रकार सांगतात. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये तिच्या चक्रमुद्रित प्रती निघतात. १९०८ मध्ये बापट मायदेशी परततात ते ती पुस्तिका बरोबर घेऊनच.

त्याच साली कलकत्त्याच्या माणिकतळा बागेतल्या झडतीत एक प्रत सापडते. दुसरीसाठी तुम्हाला १९०९ च्या नाशकात यावं लागेल. बाबाराव सावरकरांचं घर, ओसरीवर पोलीस. एकेक चोपडं बाहेर काढलं जातंय. दाट टंकलेली साठ पानं निघतात. ह्या प्रतीला पंचेचाळीस आकृत्याही आहेत, कलकत्त्याच्या प्रतीपेक्षा ती अधिक पूर्ण. आणि त्याच घरात मिळतं थॉमस फ्रॉस्टचं, १७७६ ते १८७६ मधल्या युरोपातल्या गुप्त क्रांतिसंघटनांवरचं इंग्रजी पुस्तक. रशियन निहिलिस्टांची गुप्त मंडळं कशी चालत त्याचं वर्णन त्यात आहे. ठिकठिकाणी रेघा मारलेली, भरपूर खुणा केलेली प्रत. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात ह्या सगळ्याची नोंद झाली.

जरा थांबून ह्या खुणांचा विचार करा. जुन्या पुस्तकांच्या धंद्यात खुणा म्हणजे दोष. पेन्सिलीची रेघ असेल तर थोडे कमी, शाईची असेल तर आणखी कमी, समासात काही खरडलेलं असेल तर विक्रेता स्वतःच ओशाळून भाव पाडतो. फ्रॉस्टचं कोरं करकरीत पुस्तक कुणी विकायला काढलं तर शौकीन धावतील. पण त्या कोऱ्या प्रतीत फ्रॉस्टच आहे, नाशिक नाही. कुठला परिच्छेद कुणाला दोनदा वाचावासा वाटला, हे त्या रेघांतच होतं, म्हणून तर सरकारने त्या रेघांची दखल घेतली.

आणि पुस्तिका? ती विकत मिळायची नाही. चक्रमुद्रित कागद, बाळगणाऱ्याच्या गळ्याला फास. ज्याच्याकडे होती त्याने जाळली असणार किंवा पुरली असणार. तिचं उत्तम वर्णन राहिलं ते जप्त करणाऱ्यांच्या कागदात.

बापटांना घेऊन पुन्हा वर चढू. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. मुळशी पेटा. निळा-मुळेच्या संगमावर टाटा कंपनीचं धरण येणार आहे, मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी आहे. पन्नासवर गावं, अकरा हजारांच्या आसपास माणसं, आंबेमोहोराची खाचरं. तुम्ही बांधाच्या कामावर बसलेल्या मावळ्यांच्या घोळक्यात आहात. म्हाताऱ्या बाया पोरांना घेऊन आल्यात. लढ्याचे एक पुढारी विनायकराव भुस्कुटे धावपळ करतायत. पुण्याच्या सावकारांची वेगळीच चलबिचल चालू आहे, कारण जमिनी त्यांच्याकडे गहाण, तेव्हा नुकसानभरपाई कुणाच्या खिशात जाणार हे उघड आहे. एक आजी तुमच्याकडे वळते: “तुमी पुन्याचं का? मंग सांगा की त्यास्नी, हितं आमी हाओत म्हनून.” तुमच्यापाशी उत्तर नाही. शंभर वर्षांनी येऊनही नाही.

सत्याग्रहाने ह्याच मुळशीत बापटांना ‘सेनापती’ केलं. पॅरिसची पुस्तिका आणि हा बिनशस्त्र बसलेला घोळका ह्यांच्यामधे तेरा-चौदा वर्षंच आहेत, आणि माणूस एकच. लढा हरत चालला तेव्हा डिसेंबर १९२४ मध्ये धरणाच्या कामावरची गाडी अडवायला ते रुळांवर धोंडे रचून तलवार-पिस्तूल घेऊन उभे राहिले. सात वर्षांची सजा झाली. धरण पुरं झालं, गावं पाण्याखाली गेली. घरांबरोबर घरातले कागदही गेले: खातेवह्या, पोथ्या, पत्रं. ह्या खोऱ्यातून पूर्वी कोण आलं, कोण गेलं, हे शोधायला आम्हा मुळशीकरांना परमुलखातल्या वह्या धुंडाळाव्या लागतात, त्याचं हे एक कारण.

बस्स, आता आजच्या मुळशीत या. धरणाच्या वरच्या अंगाला राहून जुनी पुस्तकं जमवणं म्हणजे जूनपासून सप्टेंबरपर्यंत बुरशीशी भांडण. सोव्हिएत पुस्तकांच्या कापडी बांधणीतली खळ झुरळांना आणि कसरीला फार आवडते. दोन पावसाळ्यांत पुठ्ठ्याच्या कडा कुरतडल्या जातात. प्लास्टिकच्या पिशवीत पुस्तक बांधून ठेवू नका, आतला दमट वारा आतच राहतो. जुने लोक पोथ्या लाल खारव्यात बांधून वर वेखंडाचे तुकडे टाकत, तेच करा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. दसऱ्यानंतर ऊन कोरडं झालं की पुस्तकं सावलीत उभी करून पानं मोकळी करा, उन्हात नको. माझ्या वरच्या फळीवर निकितीन आहे, मधे मिनायेव, खाली अण्णा भाऊ साठे यांचा ‘माझा रशियाचा प्रवास’. १९६१ मध्ये एक मराठी शाहीर उलट दिशेने गेला त्याची ती हकिकत. राद्दा-बाई सगळ्यांत खालच्या फळीवर, ओल आधी तिथे लागते. तिला चालेल.

तुमच्या घरीही माळ्यावर आजोबांची रशियन पुस्तकं असतील: प्रगती प्रकाशन, रादुगा, मीर, कुठल्याशा प्रदर्शनात दोन-तीन रुपयांना घेतलेली. दिवाळीच्या साफसफाईत ती वजनावर जातात. देऊ नका असं माझं म्हणणं नाही, घरात जागा किती असते हे मलाही माहीत आहे. पण तराजूत टाकण्याआधी प्रत्येक पुस्तक एकदा उघडा. पहिल्या पानावर कुणाचं नाव, कुठलं गाव, कुठली तारीख आहे ते बघा, समास चाळा. रेघा आणि टिपणं असलेलं पुस्तक बाजूला काढा, आणि कोरी खुशाल द्या.